मॅक्रोतला स्वल्पविराम: एका मशीनवर बरोबर, दुसऱ्यावर शंभरपट

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. वेगवेगळ्या पुरवठादारांकडून येणाऱ्या सीएसव्ही (एका ठरलेल्या चिन्हाने खाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) फाइली वाचून एक्सेलमध्ये गोषवारा बनवणारा मॅक्रो आहे. लिहिणाऱ्याच्या मशीनवर तो बिनचूक चालतो. तोच मॅक्रो जर्मन सेटिंग असलेल्या सहकाऱ्याकडे गेला की १२.५० ची रक्कम १२५० होते आणि सूत्र लिहिणाऱ्या एका ओळीवर एरर १००४ येतो. फाइल ओळ ओळ वाचली जाते, स्प्लिट या फंक्शनने स्वल्पविरामाशी तोडली जाते आणि प्रत्येक तुकड्यावर सीडबल, म्हणजे मजकुराचा आकडा करणारं फंक्शन, लावलं जातं. विचारणाऱ्याला दोन उपाय सुचले आहेत: मॅक्रो सुरू होताच एक्सेलचं दशांशचिन्ह बदलायचं, नाहीतर सगळीकडे रिप्लेस मारून स्वल्पविरामाचं टिंब करायचं.

दोन्ही करू नका. का, ते सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. ती कळली की पुढचं बरंचसं आपोआप सुचेल. (उदाहरणांतले आकडे मी देवनागरीत लिहितोय. तुमच्या फाइलीत आणि कोडमध्ये ते नेहमीचे इंग्रजी आकडे आहेत असं धरून वाचा.)

सेलमध्ये किंवा डबल प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये बसलेल्या आकड्याला स्वल्पविरामही नसतो आणि टिंबही नसतं. तो आठ बाइटांचा बायनरी आकडा असतो. चिन्हं येतात ती त्याचा मजकूर होताना, किंवा मजकुराचा आकडा होताना. एक्सेलची एक्सएलएसएक्स फाइल उघडून आतलं एक्सएमएल पाहिलंत तर दिसेल की आकडे कायम टिंबाने लिहिलेले असतात आणि सूत्रांची नावं कायम इंग्रजीत असतात, फाइल कोणत्याही देशात जतन झालेली असो. म्हणून तर जर्मनीत बनवलेली वर्कबुक इतरत्र मुकाट्याने बरोबर उघडते. बेरजेचं फंक्शन पडद्यावर एकाला इंग्रजीत ‘एसयूएम’ दिसतं, दुसऱ्याला जर्मनमध्ये ‘झुमं’, तिसऱ्याला फ्रेंचमध्ये ‘सोम’. आतलं सूत्र तेच. म्हणजे गडबड एक्सेलच्या पोटात होत नाही. तुमचा मॅक्रो आकड्याचा मजकूर किंवा मजकुराचा आकडा करतो, त्या दारांवर होते. अशी दारं शोधायची आणि प्रत्येकावर एकच प्रश्न विचारायचा: हा मजकूर कोणाच्या पद्धतीने लिहिलेला आहे? फाइल बनवणाऱ्याच्या, मॅक्रो चालवणाऱ्याच्या, की व्हीबीएच्या, म्हणजे मॅक्रोच्या भाषेच्या?

तुमच्या शंभरपटीचं उत्तर इथेच आहे. सीडबल हे फंक्शन चालवणाऱ्याच्या विंडोज सेटिंगप्रमाणे वाचतं. जर्मन सेटिंगमध्ये स्वल्पविराम दशांशाचा आणि टिंब हजारांचं. त्यात वाईट म्हणजे हजारांचं चिन्ह योग्य जागी आहे का, हे ते तपासतच नाही. दिसलं की गाळून टाकतं. म्हणून तिथे "१२.५०" चे १२५० होतात आणि "३.५" चे ३५. तुमच्या मशीनवर "३,५" दिलंत तर तिथेही ३५ च मिळतील. एरर नाही, इशारा नाही. मॅक्रो बंद पडला असता तर बरं झालं असतं, कारण बंद पडलेला मॅक्रो निदान कोणीतरी दुरुस्तीला आणतं.

मग बरेच जण व्हॅल या मजकुरातून आकडा काढणाऱ्या दुसऱ्या फंक्शनकडे वळतात. व्हॅल कुठल्याही देशात फक्त टिंबालाच दशांश मानतं, ही त्याची जमेची बाजू. पण न समजणारं चिन्ह दिसताच ते तिथे थांबतं आणि तोवर जमलेलं परत देतं. "१,२३४.५६" दिलं की उत्तर १. आकडा नसलेल्या मजकुराला शून्य. मधल्या जागा ते गिळून टाकतं. थोडक्यात, सीडबल चुकीच्या भाषेत वाचतं आणि व्हॅल अर्ध्यात वाचणं सोडतं. दोघंही तक्रार करत नाहीत. इझन्यूमरिकवर विसंबणाऱ्यांसाठीही एक सूचना: ते "१,२,३" ला होकार देतं, "१ई५" ला देतं, रिकाम्या सेललाही देतं. ‘हा आकडा आहे का’ याचं ते उत्तर देत नाही; ‘यातून ओढूनताणून आकडा काढता येईल का’ याचं देतं.

आता तुमचे दोन उपाय. ॲप्लिकेशन.डेसिमलसेपरेटर आणि यूझसिस्टमसेपरेटर्स ही एक्सेलची दशांशचिन्हाची सेटिंगं बदलता येतात हे खरं. पण ते सेटिंग त्या एका वर्कबुकचं नसतं, अख्ख्या एक्सेलचं असतं. मॅक्रो मध्येच कोलमडला तर तुमचा सहकारी दिवसभर टिंबवाल्या एक्सेलमध्ये काम करेल आणि त्याला कारणही कळणार नाही. त्याहून मोठी गोम अशी की सीडबल, तसंच आकड्याचा मजकूर करणारी सीएसटीआर आणि फॉरमॅट ही व्हीबीएची फंक्शनं एक्सेलचं हे सेटिंग पाहतच नाहीत, ती विंडोजकडे पाहतात. म्हणजे सेल एका पद्धतीने वागणार आणि कोड दुसऱ्या. शहाणपण म्हणून केलेल्या बदलाने तुम्ही एकाऐवजी दोन पद्धती एकाच मशीनवर आणून बसवता. विंडोजचंच सेटिंग कोडमधून बदलण्याचा विचार तर मनातही आणू नका.

सरसकट रिप्लेसचंही तसंच. "१,२३४.५०" मध्ये स्वल्पविरामाचं टिंब केलंत तर "१.२३४.५०" असं काहीतरी होतं, जे कुठल्याच देशात आकडा नाही. आणि हे रिप्लेस सेलच्या रेंजवर चालवलंत तर आणखी एक गंमत: बदल झाल्यावर एक्सेल तो मजकूर पुन्हा वाचतं, आणि मॅक्रोतून आलेला मजकूर ते अमेरिकन पद्धतीने (टिंब दशांशाचं, स्वल्पविराम हजारांचा) वाचतं. हाताने केलेलं फाइंड-रिप्लेस मात्र स्थानिक पद्धतीने वाचलं जातं. त्यामुळे हाताने करून पाहिलं तेव्हा जमलं, रेकॉर्ड केलेला मॅक्रो चालवला तर आकडे फुगले, अशी तक्रार वारंवार येते.

हीच अमेरिकन सवय रेंज.व्हॅल्यू ला, म्हणजे सेलच्या मूल्याला, स्ट्रिंग (मजकूर) देतानाही आडवी येते. जर्मन सेटिंगमध्ये कोणी फॉर्मच्या चौकटीत "१२,५" टाकलं आणि तुम्ही ती स्ट्रिंग तशीच सेलला दिलीत, तर ती मजकूर म्हणून पडून राहते, कोपऱ्यात हिरवा त्रिकोण. त्याच माणसाने तीन दशांशांनी "१२,५००" लिहिलं की मात्र सेलमध्ये बारा हजार पाचशे. म्हणून नियम करून टाका: सेलला आकडा द्यायचा असेल तर आधी डबल करा, मग द्या. स्ट्रिंग देऊन ‘एक्सेल घेईल समजून’ म्हणायचं नाही.

तर वाचायचं कसं? फाइलची पद्धत फाइलवरून ठरते, ती कोणत्या मशीनवर उघडली जातेय यावरून नाही. प्रत्येक पुरवठादारासाठी एका सेटिंग शीटवर दोन खाने ठेवा, दशांशचिन्ह आणि हजारांचं चिन्ह. मॅक्रोने तेच वापरायचं. एक्सेल २०१३ पासून नंबरव्हॅल्यू नावाचं फंक्शन आहे. मजकूर, दशांशचिन्ह, गटाचं चिन्ह असे तीन भाग त्याला देता येतात, आणि ते व्हीबीएतूनही बोलावता येतं:

रक्कम = ॲप्लिकेशन.नंबरव्हॅल्यू(मजकूर, ",", ".")

"२.५००,२७" दिलं की कुठल्याही मशीनवर दोन हजार पाचशे पूर्णांक सत्तावीस शतांशच मिळणार. गटाचं चिन्ह दशांशचिन्हाच्या नंतर आलं तर ते चूक सांगतं, हे मला फार आवडतं, कारण पद्धती उलट्या दिल्या गेल्या की बऱ्याचदा तिथेच पकडलं जातं. ॲप्लिकेशनवरून थेट बोलावलंत तर एररचं मूल्य परत येतं आणि इझएररने तपासता येतं. वर्कशीटफंक्शनमार्गे गेलात तर रनटाइम एरर फेकला जातो. पहिली वाट सोपी. दोन खोड्या लक्षात ठेवा. रिकामा मजकूर दिला तर उत्तर शून्य येतं, आणि शेवटी टक्क्याचं चिन्ह असेल तर शंभराने भाग जातो. रक्कम नसणं आणि रक्कम शून्य असणं यांत तुमच्या कामात फरक असेल तर रिकामे खाने आधीच वेगळे काढा.

जुनं एक्सेल असेल, किंवा माझ्यासारखी सगळं आपल्या हातात ठेवायची सवय असेल, तर स्वतःचं छोटं फंक्शन लिहा. मी गेली कित्येक वर्षं एकच वापरतोय, क्रम असा: मजकुरातल्या सगळ्या प्रकारच्या जागा काढा, उणे चिन्ह ओळखून बाजूला ठेवा, त्या फाइलचं हजारांचं चिन्ह काढून टाका, त्या फाइलच्या दशांशचिन्हाचं टिंब करा. मग एक एक अक्षर तपासा. शून्य ते नऊ आणि जास्तीत जास्त एक टिंब, याशिवाय काहीही सापडलं तर आकडा न देता चूक परत करा. या गाळणीतून सुटलेल्या मजकुरावर व्हॅल लावा. आता व्हॅलला अर्ध्यात थांबायचं कारणच उरत नाही, आणि ते कुठल्याही देशात टिंबच वाचतं.

‘सगळ्या प्रकारच्या जागा’ असं मुद्दाम म्हटलं. फ्रेंच पद्धतीत हजारांचं चिन्ह म्हणजे मोकळी जागा, पण ती साधी, युनिकोडमधल्या ३२ क्रमांकाची नसते. कधी ती न तुटणारी १६० क्रमांकाची असते, नव्या प्रणालींत अरुंद न तुटणारी, ८२३९ क्रमांकाची. युनिकोडच्या सीएलडीआर या स्थानिक माहितीच्या संचात हा बदल २०१८ मधल्या ३४ व्या आवृत्तीत झाला, आणि जगभरचे कित्येक प्रोग्राम त्या अपडेटनंतर फ्रेंच आकडे वाचताना अडखळले. डोळ्यांना तिन्ही जागा सारख्याच दिसतात आणि ट्रिम यातली फक्त साधी काढतं, तीही दोन्ही टोकांची. स्वित्झर्लंडमध्ये हजारांसाठी वरचा स्वल्पविराम वापरतात. तो साधा ३९ चाही असतो आणि वळणदार ८२१७ चाही. उणे चिन्हाची तऱ्हा वेगळीच: साधा हायफन, गणिती उणे म्हणजे ८७२२, हिशेबी पद्धतीचा कंस, आणि काही जुन्या प्रणालींतून येणारं शेवटी लावलेलं उणे. एखाद्या ‘आकड्या’ने चूक दिली आणि डोळ्यांना काहीच वावगं दिसत नसेल तर प्रत्येक अक्षराचा एएससीडब्ल्यू, म्हणजे युनिकोड क्रमांक, छापून पाहा. दहापैकी नऊ वेळा १६० किंवा ८२३९ च निघतो.

त्याच ओघात: लाइन इनपुट या व्हीबीएच्या ओळ वाचणाऱ्या आज्ञेने यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवायची एक पद्धत) फाइल वाचत असाल तर ती न तुटणारी जागा एक अक्षर म्हणून येतच नाही, तिचे दोन-तीन कचरा-अक्षरांचे तुकडे होतात. अशा फाइली एडीओडीबी या विंडोजमधल्या जोडसोयीच्या स्ट्रीमने, कॅरसेट यूटीएफ-८ सांगून वाचा. माहितीत देवनागरी आकडेही येत असतील तर २४०६ ते २४१५ या क्रमांकांमधून २४०६ वजा करून त्यांचे साधे आकडे आधीच करून घ्या. पुढच्या कुठल्याही फंक्शनवर ते काम सोडू नका.

पुरवठादाराची पद्धत ठाऊकच नसेल तर? अंदाज बांधता येतो, पण एकेका आकड्यावरून बांधू नका. दोन्ही चिन्हं असतील तर शेवटचं दशांशाचं. एकच चिन्ह एकाहून जास्त वेळा असेल तर ते हजारांचं. एकच चिन्ह एकदाच असेल आणि त्याच्यापुढे तीन सोडून कितीही अंक असतील तर ते दशांशाचं. लाख-कोटींच्या पद्धतीतही शेवटचा गट तीन अंकांचाच असतो, त्यामुळे हा नियम तिथेही टिकतो. उरतो तो एकच प्रकार: "१.२३४". हा जेमतेम सव्वा आहे की बाराशे चौतीस, हे त्या मजकुरातून जगातला कुठलाही प्रोग्राम सांगू शकत नाही. म्हणून आधी पूर्ण कॉलम वाचा, ज्या ओळींवरून पद्धत नक्की ठरते त्या शोधा, त्यांच्यावरून अख्ख्या फाइलची पद्धत एकदाच ठरवा. दोन ओळी परस्परविरोधी पुरावा देत असतील, किंवा एकही ओळ नक्की काही सांगत नसेल, तर मॅक्रोने थांबून माणसाला विचारावं. वजनाच्या फाइलींत हे हमखास होतं, कारण तीन दशांश. सव्वा किलोचे साडेबाराशे किलो झालेले मी एकदा स्वतःच्याच गोषवाऱ्यात पाहिले आहेत, आणि ते पकडलं गेलं ते एकूण वजन ट्रकच्या क्षमतेपेक्षा जास्त निघालं म्हणून. कोडमुळे नाही.

तुमच्या स्प्लिटबद्दल एक शंका आहे. स्वल्पविरामाने विभागलेल्या फाइलीत "१,२३४.५०" अवतरणचिन्हांत आलं तर स्प्लिट त्याचे बेधडक दोन तुकडे करतं आणि पुढचे सगळे कॉलम एकेक घर सरकतात. तुमच्याकडे हे अजून झालं नसेल तर नशीब म्हणा. एक्सेलकडूनच फाइल उघडून घ्यायची असेल तर वर्कबुक्स.ओपनटेक्स्ट वापरा. त्यात डेसिमलसेपरेटर आणि थाउझंड्ससेपरेटर देता येतात, आणि फील्डइन्फोमध्ये कॉलम ‘मजकूर’ म्हणून मागता येतात. मी सगळेच कॉलम मजकूर म्हणून घेतो आणि मग वरच्या फंक्शनमधून काढतो. पण फाइलीच्या नावाचा शेवट सीएसव्ही असेल तर एक्सेल फील्डइन्फो गुंडाळून ठेवतं. फाइलची प्रत टीएक्सटी नावाने करून ती उघडा, मग ऐकतं.

वर्कबुक्स.ओपन ने सीएसव्ही उघडली तर? तेव्हा लोकल हा भाग न दिल्यास एक्सेल अमेरिकन पद्धतीने वाचतं, म्हणजे स्वल्पविरामाने कॉलम, टिंबाने दशांश, महिना आधी. तीच फाइल दोनदा क्लिक करून उघडली तर स्थानिक पद्धतीने. जर्मनीतली अर्धविरामाने विभागलेली फाइल हाताने नीट उघडते आणि मॅक्रोने सगळी पहिल्या कॉलममध्ये कोंबली जाते, त्याचं कारण हेच. लोकल:=ट्रू दिलं की चालवणाऱ्याच्या सेटिंगप्रमाणे उघडते, जे त्याच मशीनवर बनलेल्या फाइलीसाठी ठीक आहे, बाहेरून आलेल्या फाइलीसाठी नाही. तारखांचं दुखणंही इथलंच: ३ एप्रिल अलगद ४ मार्च होतो, आणि १३ पासून पुढच्या तारखा मजकूर म्हणून राहतात. अर्धा कॉलम डावीकडे आणि अर्धा उजवीकडे चिकटलेला दिसला की समजा. तारखांवर मी इथे जास्त लिहीत नाही. वर्ष, महिना, दिवस वेगळे काढून डेटसीरियलला द्या, सीडेटला नको.

पॉवर क्वेरी (एक्सेलमधलं बाहेरची माहिती आत आणायचं साधन) चालत असेल तर वाचनाचं काम तिच्यावर सोपवणं सगळ्यात स्वच्छ. कॉलमचा प्रकार बदलताना ‘यूझिंग लोकेल’ हा पर्याय आहे; फाइल कोणत्या पद्धतीची आहे ते तिथे एकदा सांगितलं की मशीन कुठलंही असो.

आता तो १००४. तुम्ही सूत्र असं जोडलं असणार:

रेंज("सी२").फॉर्म्युला = "=राउंड(ए२*" & दर & ",२)"

रेंज.फॉर्म्युला ला कायम इंग्रजी नावं, स्वल्पविरामाने वेगळे केलेले भाग आणि टिंबाचा दशांश लागतो. पण "&" ने आकडा जोडला की व्हीबीए त्याचा मजकूर स्थानिक पद्धतीने करतं. दर १.५ असेल तर जर्मन मशीनवर सूत्र होतं ए२*१,५,२. राउंडला दोनाऐवजी तीन भाग मिळाले, म्हणून १००४. इथे तुमचं नशीब चांगलं, एरर तरी आला. हाच प्रकार बेरजेत केला असता तर? "=सम(ए२," & १.५ & ")" चं तिकडे ए२, १ आणि ५ यांची बेरीज करणारं सूत्र होतं. दीड मिळवायचा तिथे सहा मिळवले जातात, आणि सूत्र अगदी वैध. मॅक्स, मिन, ॲव्हरेज, कितीही भाग चालणाऱ्या सगळ्या फंक्शनांत हीच भीती. कोडमध्ये हे शोधायचं असेल तर "&" च्या शेजारी जिथे जिथे आकड्याचं व्हेरिएबल आहे, ती प्रत्येक ओळ संशयित धरा.

उपाय साधा आहे: ट्रिम(एसटीआर(दर)). एसटीआर हे आकड्याचा मजकूर करणारं फंक्शन नेहमी टिंबच वापरतं. धन आकड्यापुढे एक जागा सोडतं, ती ट्रिमने जाते. त्याहून चांगला उपाय म्हणजे दर सूत्रात कोंबूच नका. तो एका सेलमध्ये डबल म्हणून ठेवा आणि सूत्रात त्या सेलचा पत्ता द्या. मजकूर झालाच नाही तर चिन्हाचा प्रश्नच नाही, आणि पुढे दर बदलला तर वापरणाऱ्याला तो दिसतोही. फॉर्म्युलालोकल नावाचा भाऊ आहे, पण तो वापरणाऱ्याच्या भाषेतली नावं आणि त्याचंच विभाजकचिन्ह मागतो. मॅक्रो प्रवास करणार असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

मजकुरातलं सूत्र सोडवून देणाऱ्या इव्हॅल्युएटलाही इंग्रजी पद्धतच लागते. ऑटोफिल्टरच्या निकषात ">" & दर जोडलंत तरी हाच घोटाळा, आणि डेटाबेसकडे पाठवलेल्या एसक्यूएल वाक्यातही; तिथे तर जोडाजोडी सोडून पॅरामीटरच वापरावा. कंडिशनल फॉरमॅटिंगला मात्र उलटी गंगा आहे. फॉरमॅटकंडिशन्स.ॲड ला दिलेलं सूत्र वापरणाऱ्याच्या भाषेत आणि चिन्हांत असावं लागतं. त्यासाठी एक जुनी युक्ती: सूत्र एका रिकाम्या सेलमध्ये फॉर्म्युलाने लिहा, त्याच सेलचं फॉर्म्युलालोकल वाचा, ते पुढे द्या आणि सेल पुसा. दिसायला गावठी, पण चालते.

आकडा दाखवण्याचं काम तुलनेने सोपं. नंबरफॉरमॅट ला कायम "#,##०.००" हाच अमेरिकन साचा द्या, जर्मन मशीनवर तो आपोआप टिंब आणि स्वल्पविराम अदलाबदल करून दाखवेल. लाख-कोटींचे गट हवे असतील तरी साचा तोच, कारण गट कसे पाडायचे हे विंडोजच्या सेटिंगवरून ठरतं: भारतीय सेटिंगवर १२,३४,५६७ आणि दुसरीकडे १,२३४,५६७, फाइल एकच. सगळीकडे लाखच दिसायला हवेत असा आग्रह असेल तर अटींचा साचा लिहावा लागतो, आणि त्यात दोनच अटी बसत असल्याने ऋण आकडे बाहेर राहतात. मी तो आग्रह सोडून दिला.

साच्याप्रमाणे आकड्याचा मजकूर करणाऱ्या टेक्स्ट फंक्शनपासून सावध. त्याच्या आतला साचा हा मजकूर असल्यामुळे त्याचं भाषांतर होत नाही. सूत्राचं नाव जर्मन होतं, पण आतलं "वायवायवायवाय" तसंच राहतं, आणि जर्मन एक्सेलला वर्षासाठी "जे" हे अक्षर लागतं, फ्रेंचला "ए". "०.००" तल्या टिंबाचाही तिकडे दशांश होत नाही. जिथे जमेल तिथे टेक्स्ट टाळून सेललाच फॉरमॅट द्या. आणि सेलमधून आकडा परत घेताना रेंज.टेक्स्ट कधीही वाचू नका. पडद्यावर दिसतं तेच ते देतं. कॉलम अरुंद असेल तर चक्क #### देतं. व्हॅल्यू२ वाचा. साधं व्हॅल्यू चलनाच्या फॉरमॅटमधल्या सेलसाठी करन्सी प्रकार परत करतं आणि त्यात चार दशांशांपुढचं जातं. विनिमयदर असतील तर हे दुखतं.

बाहेर फाइल लिहितानाचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच. प्रिंट # आकडे स्थानिक चिन्हाने लिहितं, राइट # मात्र नेहमी टिंबाने. सेव्हॲझने सीएसव्ही केली तर लोकल न देता स्वल्पविराम-टिंब, लोकल:=ट्रू देऊन स्थानिक. व्हीबीएच्या फॉरमॅट फंक्शनच्या साच्यात टिंब लिहिलं तरी बाहेर पडताना ते स्थानिक चिन्ह होऊनच पडतं. दोन दशांश हवेत आणि टिंबही हवं, तर फॉरमॅट करून मग स्थानिक चिन्हाचं टिंब करा. ते स्थानिक चिन्ह कोणतं हे मिड(फॉरमॅट(०, "०.०"), २, १) यातून मिळतं. ॲप्लिकेशनला विचारू नका, कारण वर सांगितलं तसं एक्सेलचं चिन्ह विंडोजपेक्षा वेगळं असू शकतं. एसटीआर वापरत असाल तर ते ०.५ ला ".५" लिहितं. जेसनला (प्रोग्राम एकमेकांना माहिती पाठवतात त्या मजकूर-पद्धतीला) टिंबाआधीचं शून्य नसलेला आकडा चालत नाही.

इतकं सगळं सीडबलच्या विरोधात बोललो, पण एका जागी तेच योग्य आहे: वापरणाऱ्याने फॉर्ममध्ये स्वतःच्या हाताने टाकलेला आकडा. तो माणूस त्याच्या सवयीने लिहितो आणि सीडबल त्याच्याच सेटिंगने वाचतं. तरी वाचलेला आकडा लगेच शेजारी फॉरमॅट करून दाखवा. कीबोर्डची मांडणी एका देशाची आणि रीजन दुसऱ्या देशाचं असं खूपदा असतं, अशा वेळी आकड्यांच्या पॅडवरची दशांशाची कळ भलतंच चिन्ह टाकते, आणि "३.५" चे ३५ झालेले डोळ्यांपुढे दिसले तरच कळतं.

लिबरऑफिस आणि गूगल शीट्सबद्दल दोन वाक्यं. लिबरऑफिस बेसिकमध्येही सीडबल स्थानिक, व्हॅल टिंबवालं, आणि सेलला फॉर्म्युला व फॉर्म्युलालोकल असे दोन भाग आहेत, त्यामुळे वरचं बहुतेक तसंच लागू पडतं. गूगल शीट्समध्ये पद्धत मशीनची नसून फाइलच्या सेटिंगमध्ये असते. तिथल्या स्क्रिप्टमध्ये गेटव्हॅल्यू खरा आकडा देतं आणि गेटडिस्प्लेव्हॅल्यू सजवलेला मजकूर. पार्सफ्लोट("१,५") चं उत्तर १, म्हणजे आपल्या व्हॅलचाच भाऊ, आणि नंबर("१,५") निदान प्रामाणिकपणे ‘आकडा नाही’ म्हणतं.

तपासायला जर्मन सहकाऱ्याला त्रास देऊ नका. कंट्रोल पॅनलमधल्या ‘रीजन’मध्ये जाऊन फॉरमॅट जर्मन करा, एक्सेल पूर्ण बंद करून उघडा आणि मॅक्रो चालवा. मग फ्रेंच, स्विस, भारतीय. चाचणीच्या फाइलीत ०.५, १२३४.५, १२३४५६७.८९, उणे ३.२५, एक रिकामा खाना आणि तो नतद्रष्ट १.२३४ एवढं असलं की पुरतं. चारही वेळा व्हॅल्यू२ ची बेरीज शेवटच्या दशांशापर्यंत तीच आली पाहिजे. पहिल्या फेरीत ती येणार नाही, आणि जिथे फरक पडेल ती ओळ बहुधा "&" असलेली असेल.